गुडघा बदलण्याआधी

४ सप्टेंबर, दुकानातून

चि. वाटाड्यास,

अनेक आशीर्वाद. तुला अजून 'सूनबाई' म्हणायचं की नाही, यावर बरंच डोकं खाजवलं. माझ्या मुलाचा आणि तुझा संसार कोर्टाने मोकळा केला त्याला दोन वर्षं झाली, पण त्या कागदात सासऱ्याचं काय करायचं ते कुठेच लिहिलेलं नाही. मी चष्मा लावून पुन्हा वाचला. तेव्हा डोंगरावर तुला ज्या नावाने हाक मारायचो तेच वापरतो. ते नाव काही तुला लग्नात मिळालेलं नव्हतं.

कामाचं आधी सांगतो. नोव्हेंबरात माझा उजवा गुडघा बदलायचा आहे. डॉक्टर म्हणतात, नवा गुडघा सपाटीवर छान चालेल, तळ्याकाठच्या बाकापर्यंत खुशाल जा, कबुतरांना दाणे घाला. दगडधोंड्यांत मात्र पाऊल टाकायचं नाही, कायमचं. लोक लग्नासाठी गुडघ्याला बाशिंग बांधून बसतात, मी पट्टा बांधून बसलोय. म्हणजे हातात राहिला ऑक्टोबर. तेवढ्यात तू एकदा यावंस आणि आपण दोघांनी माथ्यापर्यंत जावं, एवढंच मागणं आहे. इतकी वर्षं आपण तो डोंगर चढलो आणि एकदाही माथा गाठला नाही. कधी धुकं, कधी तुझ्या प्रयोगशाळेचा फोन, एकदा तर मी डबा झऱ्यावरच विसरलो आणि तू उपाशीपोटी पुढे यायला साफ नकार दिलास. खिंडीपर्यंत जायचं, मान वर करून बघायचं, आणि 'पुढच्या रविवारी' म्हणत उतरायचं. आता पुढचे रविवार संपत आलेत.

डोंगर आहे तसाच आहे. तळ्याच्या पलीकडच्या उंच डोंगरावर पायऱ्या आणि कठडे बांधलेत, फोटो काढायला वेगळी जागा केलीय, सुट्टीच्या दिवशी तिथे मुंगीलाही वाट मिळत नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण आपला दुरूनही साजरा नाही. काळा कातळ आणि सुटे दगड, खाली तळं. म्हणून कुणी फिरकत नाही आणि म्हणून मला तो आवडतो. पायथ्याची चहावाली तुझी चौकशी करते. मी सांगतो, परगावी असते, येईल.

फोनच केला असता, नंबर तर पाठ आहे. पण फोनवर तू 'नाही' म्हणालीस की मला लगेच 'बरं' म्हणावं लागेल. पत्रात वाद घालायला जागा असते.

घरी सगळे मजेत. चिरंजीव दर रविवारी माझ्याबरोबर वर येतो. तुझ्या सासूबाईंना विचारूनच हे पत्र लिहितोय, त्यांची काही हरकत नाही. फक्त उत्तर घरी न पाठवता दुकानाच्या पत्त्यावर पाठव. घरच्या टपालपेटीची किल्ली कुठे गेली कोण जाणे.

तुझा,
बाबा


२० सप्टेंबर, दुकानातून

चि. वाटाड्यास,

तुझं उत्तर मिळालं. चारच ओळी, त्यातली एक गुडघ्याची काळजी घ्या म्हणून. उरलेल्या तीन अशा: 'मी येणं बरं दिसणार नाही. कोणत्या नात्याने येऊ? आणि बाबा, आईंना खरंच विचारलंत का?'

दिवसभर नळाचं आणि तळ्याचं पाणी तपासणाऱ्या बाईला स्वच्छ दिसणारा पेला दाखवून फसवता येत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही विचारलं. टपालपेटीची किल्ली खिळ्यालाच आहे. तुझ्या सासूबाई तुझं नावही घेत नाहीत. तुझ्या वेळची काही गोष्ट निघाली तर 'तेव्हा' म्हणतात. 'तेव्हा आणलेली कढई', 'तेव्हा लावलेला पडदा'. तुमच्या लग्नाचा फोटो भिंतीवरून काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, चौकट चांगली आहे, दुसरं काहीतरी बसवून आणा. ग्रंथालयात काम करणारी बाई, कुठलीही वस्तू रिकामी पडलेली बघवत नाही. मी ती दुकानात आणली आणि मोडली म्हणून सांगितलं. ती इथेच आहे, प्लायवुडच्या मागे, तोंड भिंतीकडे करून.

चिरंजीव एकदा आला होता वर. झऱ्यापर्यंत. तिथे दगडावर बसला, बुटातला खडा काढला आणि म्हणाला, "बाबा, इथूनही सगळं दिसतंय की." दिसतं, तेही खरं आहे. तुमचं दोघांचं का जमलं नाही, त्यात मला न्यायाधीश व्हायचं नाही. तो तुझ्याबद्दल कधी वाकडं बोलत नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगतो. तूही त्याच्याबद्दल बोलत नाहीस. तुम्ही दोघं इतके समंजस होतात, की भांडण सुरू आहे हे घरात कुणाला कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा वकील आला होता.

आता नात्याचं. माझ्या दुकानात लोक फोटो चौकटीला देतात. कुणाची सावत्र आई, कुणाच्या भावाची पहिली बायको, कुणाचे नुसतेच शेजारी. मी माप घेतो आणि काच कापतो. हे तुमचे कोण, असं आजवर कुणाला विचारलेलं नाही. चौकटीत बसवावंसं वाटलं, एवढं मला पुरतं. तू लग्न होऊन आलीस तेव्हा आमच्या घरात कुणी कुणाशी फारसं बोलत नसे. पहिल्याच आठवड्यात तू खिडकीतून बोट दाखवून विचारलंस, "त्या डोंगरावर कोण जातं?" मी म्हणालो, पूर्वी मी जायचो. रविवारी पाहतो तर तू बूट घालून दारात उभी. मला मुलगी नाही, याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. ती असली की काय होतं, ते त्या रविवारपासून कळायला लागलं.

म्हणून म्हणतो, ये. सासूबाईंना मी सांगतो. योग्य वेळ पाहून सांगतो.

तुझा,
बाबा


६ ऑक्टोबर, दुकानातून

चि. वाटाड्यास,

तुझं उत्तर नाही. रागावलीस का? रागावली असशील तर तसं कळव, म्हणजे निदान पत्र तरी येईल.

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. परवा सांगणार होतो, पण त्या दिवशी ग्रंथालयात कुणीतरी शब्दकोश भिजवून परत केला होता, आणि ती वेळ योग्य नव्हती.

मी एकटा वर जाणार नाही, निश्चिंत राहा. तू शपथ घातली होतीस ती लक्षात आहे. सध्या उन्हं उतरती आहेत, नेचे तांबूस झालेत. झऱ्याला पाणी कमी आहे, पण दगडावरचं शेवाळ अजून निसरडं आहे. घळीच्या तोंडाशी एक मोठा दगड नव्याने कोसळलाय, त्यामुळे डावीकडून जायची आपली वाट बंद झाली, उजवीकडून चारी हातापायांवर रांगत जावं लागतं. खिंडीत वारा नव्हता. तळं इतकं शांत होतं की पलीकडच्या डोंगराचे कठडेसुद्धा पाण्यात दिसत होते. एक मेंढी कातळावर उभी राहून माझ्याकडे अशी बघत होती, की हा म्हातारा पुन्हा आला.

बरं, गेलो होतो. एवढं सविस्तर लिहिल्यावर आता नाही म्हणण्यात अर्थ नाही. तुझ्या सासूबाईंना काचवाल्याकडे जातोय म्हणून सांगितलं आणि गेलो. मनात होतं, तू नाही तर नाही, एकट्याने माथा गाठावा आणि तुला कळवावं, म्हणजे तुला जरा वाईट वाटेल. खिंडीत पोहोचल्यावर सवयीने मोठ्याने विचारलं, "काय वाटाड्या, आता कुठून?" मेंढी पळाली. मी डावीकडे गेलो, ती वाट चुकीची निघाली, घोट्यापर्यंत चिखलात रुतलो आणि परत फिरलो.

मी काही हळवा माणूस नाही, पण सरळच लिहितो. मला तुझी आठवण येते. माथा हे निमित्त आहे. म्हणजे माथाही हवाच आहे, पण निमित्तही आहे.

तुझा,
बाबा


१७ ऑक्टोबर, घरून, बिछान्यातून

चि. वाटाड्यास,

त्या रविवारी फोनवर तू काय ऐकलंस ते तुला माहीत. इकडे काय झालं ते मी सांगतो.

मी पुन्हा गेलो. काचवाल्याकडेच. या वेळी खिंड ओलांडली, उजवी बाजू धरली, आणि बरोबर वर लागलो होतो. सुट्या दगडांच्या उतारावर गुडघ्याने दगा दिला. मग घसरगुंडीवरून मूल येतं तसा बसल्या बसल्या खाली आलो, एका झुडपाने धरलं म्हणून थांबलो. डोक्याला खरचटलं, पाय मुरगळला, मोबाईलचा चुरा झाला. एक नवरा-बायको वरून उतरत होते. वर्षभरात कुणी न फिरकणाऱ्या डोंगरावर नेमके तेव्हा. त्यांनी मला खांद्यावर घेत घेत चहावालीपर्यंत आणलं.

चहावालीने विचारलं, "घरचा नंबर सांगा." मला गरगरत होतं. मी डोळे मिटून नंबर धडाधड म्हणून टाकला. तुझा. आठवतं ना, पहिल्याच वर्षी तू तो माझ्याकडून पाढ्यासारखा घोकून घेतला होतास? चढताना दर दहा पावलांवर विचारायचीस. "डोक्याला मार लागला तरी आठवला पाहिजे, बाबा." तर मार लागला आणि आठवला. घरचा नंबर मला येतच नाही. मोबाईलवर 'घर' दाबलं की लागतो, पाठ कोण करतो?

चहावाली तुला म्हणाली, "तुमचे वडील डोंगरावर पडलेत." तिनेच मला हे सांगितलं, की तू 'ते माझे वडील नाहीत' वगैरे काही म्हणाली नाहीस. शुद्धीवर आहेत का, कुठला पाय, बर्फ आहे का, एवढं विचारलंस. आणि म्हणालीस, घरी मी कळवते.

तुझ्या सासूबाई रुग्णालयात आल्या तेव्हा गळ्यात ग्रंथालयाचं ओळखपत्र तसंच होतं. पिशवीतला तांब्या काढून टेबलावर आपटला. मला वाटलं, काचवाल्याची थाप पकडली गेली म्हणून राग आहे. संध्याकाळी सफरचंद कापत बसल्या होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "स्वतःच्या घरचा नंबर येत नाही तुम्हाला?"

"नाही."

"आणि तिचा येतो."

"तिने पाठ करून घेतला होता."

त्यावर त्यांनी सफरचंदाच्या सगळ्या फोडी एकामागून एक स्वतःच खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी तू माझी चौकशी करायला फोन केलास, तो त्यांनीच घेतला. मी झोपलोय असं त्यांना वाटलं, आणि मी ते वाटू दिलं. "हो. नाही. ताप नाही." मग म्हणाल्या, "सगळ्यांचा निरोप घेऊन गेलीस. त्या चहावालीलासुद्धा भेटून गेलीस. माझ्याकडेच का नाही आलीस? मी त्या दिवशी रजा टाकून घरी बसले होते." पुढे तू काहीतरी सांगत होतीस, त्या नुसत्या "हं" म्हणत होत्या. फोन ठेवून बाहीने पुसला आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

मी दोन वर्षं समजत होतो, की ही मुलाच्या बाजूने तुझ्यावर रागावली आहे. तिचा राग तिचा स्वतःचा होता. तुझ्यासाठी वाट बघत बसली होती आणि तू गेलीस, एवढंच होतं ते. एका घरात राहून मला हे कळू नये आणि दोनशे मैलांवरच्या बाईचा फोन आल्यावर कळावं, याला काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. तू काय सांगितलंस ते मला त्यांनी सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. गुडघा आणखी बिघडला, म्हणून ऑपरेशन आधी घेतायत, २ नोव्हेंबरला. तोपर्यंत बिछाना. म्हणजे डोंगर संपला. माथा राहिला तो राहिला. वाईट वाटतंय, खोटं कशाला लिहू. रुग्णालयात थोडा रडलोही, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सर्दी झाली म्हणून सांगितलं. तर माझं मागणं मी परत घेतो. तुला आता येण्याचं कारण उरलं नाही. पत्रं मात्र लिहीत जा, आणि घरच्या पत्त्यावर लिही.

तुझा,
बाबा


९ नोव्हेंबर, रुग्णालयातून

अक्षर ओळखलंस का माहीत नाही. मी लिहितेय. पुस्तक वेळेत परत करा, अशा चिठ्ठ्या सोडल्या तर मला काही लिहायची सवय नाही, तेव्हा चूकभूल चालवून घे.

यांचं ऑपरेशन नीट झालं. काल कुबड्या घेऊन दारापर्यंत गेले आणि नर्सला म्हणाले, हा चढ काहीच नाही. नर्सने विचारलं, कुठला चढ? तिला दुपारभर ऐकावं लागलं. आता झोपलेत, तोंड उघडं टाकून.

पत्रांचं त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांना वाटतं, तोवर त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. दर रविवारी काचवाल्याकडे जाणारा माणूस बुटाला चिखल लावून येतो, हे मी बघत होते. मी काही बोलले नाही, कारण डोंगरावरून आल्यावर ते नीट जेवायचे.

तू फोनवर म्हणालीस, की घर आधीच सोडलं असलं तरी गाव सोडायच्या दिवशी तू जिना चढून दारापर्यंत आली होतीस. आतून रेडिओ ऐकू आला, आणि मी समोर आले तर तुला जाता येणार नाही असं वाटून परत फिरलीस. मी यावर बरेच दिवस विचार केला. मला ते पटलेलं नाही. दारापर्यंत आलेल्या माणसाने घंटा वाजवावी. मी अडवलं असतं की नाही, ते मी ठरवलं असतं. राग गेला असं मी लिहिणार नाही, कारण गेलेला नाही. पण ग्रंथालयात एवढी वर्षं काढली, उशिरा परत आलेलं पुस्तक आम्ही कधी नाकारलं नाही. दोन शब्द सुनावतो आणि फळीवर ठेवतो.

दुसरी एक गोष्ट आहे, ती यांनाही सांगितलेली नाही. तुम्ही दोघं रविवारी जायचात. संध्याकाळी परत यायचात, जेवताना एकमेकांकडे बघून हसायचात, मेंढी म्हटलं की हसायचात. मला कधी कळलं नाही त्यात काय आहे. "येता का" असं मला कुणी विचारलं नाही. मीही "येते" म्हणाले नाही, तेव्हा दोष एकट्या तुमचा नाही. पण मी स्वयंपाकघरातून तो डोंगर बघायचे आणि मला तो मुळीच आवडायचा नाही. तू गेलीस आणि हे एकटे जायला लागले, तेव्हा जास्तच आवडेनासा झाला.

गेले काही दिवस खाटेवर पडल्या पडल्या हे मला रोज वर नेतात. इथे झरा, इथे घळ, इथे उजवीकडे वळायचं. खिंडीपर्यंत नेतात आणि गप्प होतात, पुढचं त्यांना माहीत नाही. काल मी बूट घेऊन आले. दुकानदाराने विचारलं, कुठल्या डोंगरासाठी हवेत? मी सांगितलं. तो म्हणाला, "अहो, तिथे काय आहे?" मी म्हटलं, "तेच बघायचंय."

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ये. शनिवारी रात्री आपल्याकडेच राहा, तुमची जुनी खोली मी झाडून घेतली आहे. चिरंजीवाला मी सांगितलंय, तो म्हणाला, "बरं झालं." तेवढंच म्हणाला, पण चांगल्या तोंडाने म्हणाला. यांना चहावालीकडे खुर्चीत बसवू. ते तिथून ओरडून सूचना देतील, त्या आपण ऐकायच्या नाहीत. थंडी असेल, गरम कपडे आण. माथ्यापर्यंत मला जमेल असं मी म्हणत नाही. खिंडीच्या पुढे चार पावलं जाता आलं, तरी परत आल्यावर यांना सांगायला काहीतरी होईल.

मी सावकाश चालते, मध्येच बसते, आणि चालताना बोलते. तू पुढे राहा, वाट तुलाच माहीत आहे. पण दर वळणावर थांबत जा, मी दिसेपर्यंत. मागच्या वेळी थांबली नव्हतीस.

आई